चाळिसावं नाव

कुंदे, परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. मुख्याध्यापक सर बोलायला उभे राहिले आणि पहिलंच वाक्य काय, तर "कुंदाबाईंचं उभ्या आयुष्यात कोणाशी भांडण झालं नाही." मी पुढच्याच खुर्चीवर होते. मला हसूच फुटलं गं. तोंडाला पदर लावला, तर शेजारच्या नव्या बाईंना वाटलं मी रडतेय, आणि त्या माझी पाठ थोपटायला लागल्या. मग मात्र मी खरंच रडले.

भांडण झालं नाही म्हणे! मग चौदा वर्षं आपण दोघी काय करत होतो? एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून, एकमेकींच्या डब्यातली भाजी खाता खाता जे चालायचं तो काय हरिपाठ होता? मे महिन्यात तर शिपायाला वाटायचं, या दोघी आता झिंज्या धरतात. आणि घंटा झाली की तू म्हणणार, "चाल वं विजे, चहा पिऊ." सभेत सगळ्यांनी तुला शांत, सोशिक करून टाकलं. तू मायाळू होतीस, कबूल. पण शांत? तू फळ्यापाशी बोलायला लागलीस की माझ्या वर्गातली पोरं माझं सोडून तुझं ऐकायची.

मलाही बोला म्हणाले. मी नको म्हटलं. मला जे बोलायचं होतं ते त्या हॉलमध्ये बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून आज घरी हे लिहायला बसले. तू गेल्याला आज पंधरा दिवस झालेत, आणि या पंधरा दिवसांत मला तुझ्याबद्दल जे कळलं ते चौदा वर्षांत कळलं नव्हतं. तुझे आभार मानू की तुझ्याशी भांडू, हे अजून ठरत नाही. बहुतेक दोन्ही करीन.

भांडणाचं मूळ मीच, हे आधी सांगून टाकते. हिंगणघाटात तेव्हा नवं कॉन्व्हेंट निघालं होतं. आपल्या खाजगी मराठी शाळेत येणारी दुकानदारांची, नोकरदारांची पोरं टाय लावून तिकडे जायला लागली. पहिलीचा पट घसरला. संस्थेच्या सचिवांनी, भाऊसाहेबांनी, सभा घेऊन सांगितलं की काहीतरी करून दाखवा, नाहीतर एक बाई कमी करावी लागेल. कमी होणारी बाई म्हणजे तू नाहीतर मी. आपण दोघीच सगळ्यांत शेवटी लागलेल्या. तेव्हा मीच उठून म्हटलं, की पहिलीच्या वार्षिक गुणांवर दुसरीच्या दोन तुकड्या करू. पहिल्या चाळीस मुलांची अ, बाकीच्यांची ब. अ तुकडीकडून चौथीच्या स्कॉलरशिपची तयारी दुसरीपासूनच करून घेऊ. दर्शनी फळ्यावर नावं झळकली की पालक आपोआप परत येतील.

तू तिथल्या तिथे उभी राहिलीस. "पोट्टे का कापूस आहे का बाप्पा, प्रत लावाले?"

"प्रत लावली म्हणून तर भाव मिळतो," मी म्हटलं.

"भेटते न भाव. पण कोणाले? व्यापाऱ्याले."

भाऊसाहेब स्वतःच कापसाचे व्यापारी, गावात त्यांचं सरकी काढायचं जिनिंग होतं. सगळा स्टाफ खाली मान घालून आपापल्या चपला बघायला लागला. ठराव अर्थातच पास झाला, कारण भाऊसाहेबांना तो आवडला होता.

आणि कुंदे, मी आजही म्हणते, मी अगदीच चुकीची नव्हते. एकाच बाकावर घडाघडा धडा वाचणारं पोर आणि त्याच्या शेजारी बाराखडीत अडकलेलं पोर. शिकवायचं कोणाला? मी दोघांच्या मधल्या कोणाला तरी शिकवायचे, आणि तसं पोर वर्गात नसायचंच. तू म्हणायचीस, "वाचणाऱ्याले अडकलेल्याच्या बाजूले बसव न. तो शिकवते त्याले." मी म्हणायचे, "तो कशाला शिकवेल? पगार तू घेतेस." त्यावर तू माझ्या डब्यातली शेवटची पोळी उचलायचीस आणि म्हणायचीस, "घे, पगारात वाढ झाली." हा वाद आपण कितीदा घातला याची गणती नाही. अर्धी बाजू मला अजूनही माझीच पटते. उरलेली अर्धी कधी ढासळली, ते तुला माहीत आहे, आणि कालपर्यंत फक्त तुलाच माहीत होतं.

चौऱ्याण्णवचा मे. पहिलीच यादी. पद्धत मुख्याध्यापकांनी मोठी चोख घालून दिली होती. एकीने गुणपत्रकावरून नंबरवार नावं वाचायची, एकीने चांगल्या अक्षरात उतरवायची. मग लिहिणारीने बाजूला व्हायचं आणि वाचणारीने एकेका नावावर बोट ठेवून यादी मूळ गुणपत्रकाशी ताडून पाहायची. खाली "तपासले" लिहून सही करायची. दोघींच्या सह्या असल्याशिवाय यादी फळ्याला लागायची नाही. माझं अक्षर बरं म्हणून लिहिणारी मी. तुझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचल्यासारखं, म्हणून वाचणारी तू. कूलरमध्ये पाणी नव्हतं, तो नुसताच खडखडत होता. तू पदराने वारा घेत वाचत होतीस.

माझा मंदार त्याच वर्षी पहिलीत होता. परीक्षेच्या तोंडावर त्याला कांजिण्या आल्या होत्या. खरंच आल्या होत्या, हे मी उगाच सांगत नाही. पण कांजिण्या नसत्या तरी तो फार पुढे गेला असता असं नाही, हे त्याची आई म्हणून मला ठाऊक होतं. घरी ह्यांनी आधीच सुनावलं होतं, "मास्तरणीचा पोरगा ब तुकडीत गेला तर मला चौकात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." आणि खरं सांगू? ह्यांचं कशाला, मलाच जागा राहणार नव्हती. तुकड्या करा म्हणून सभेत उठले कोण? मीच.

तू वाचलंस, "चाळीस. वर्षा."

मी लिहिलं, मंदार.

तू वाचलंस, "एकेचाळीस. मंदार." आणि मी ब तुकडीच्या कागदावर सगळ्यांत वर लिहिलं, वर्षा.

दोघांमध्ये सहा गुणांचा फरक होता. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. मग मी बाजूला झाले आणि तू बोट ठेवून तपासायला बसलीस. तुझं बोट एकेक नाव उतरत चाळिसाव्यावर आलं आणि थांबलं. किती वेळ थांबलं, मला सांगता येणार नाही. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मी खिडकीबाहेर पाहत होते, पण तू पाहिलेलं मला कळलं.

"एक गिलास पाणी दे वं," तू म्हणालीस.

मी माठातलं पाणी आणून दिलं. तू सगळं प्यायलीस, आणि सही केलीस. मग उठून सरळ मुख्याध्यापकांकडे गेलीस आणि म्हणालीस, "ब तुकडी मले द्या. चौथीपर्यंत मीच नेतो." त्यांना काय, आयतंच झालं. अ तुकडी माझ्याकडे आली. मला वाटलं, आपला मुद्दा खरा करायला मागितलीस. मी मनात म्हटलं, घे, कर हौस.

पुढच्या वर्षीपासून तू यादी वाचायला कधी बसली नाहीस. एका वर्षी चष्म्याचा नंबर बदललेला, एका वर्षी घसा बसलेला, एका वर्षी भाऊजींची आई आजारी. दर मे महिन्यात नवं कारण. स्टाफरूममध्ये मात्र तुकड्यांवरून तुझं तोंड चालूच. एवढं भांडायचीस, आणि ज्या एका वाक्याने मला कायमची गप्प करता आली असती, ते वाक्य कधी म्हणजे कधी काढलं नाहीस. मी वाट बघायचे गं. भांडण रंगात आलं की वाटायचं, आता काढेल. आता म्हणेल, "तू नको सांगू, विजे." नाही काढलंस. सुरुवातीला मला हायसं वाटायचं. नंतर नंतर तुझा रागच यायला लागला.

केळझरची सहल आठवते? पोरं तिसरीत होती. गणपतीचं दर्शन झालं, खाली झाडाखाली डबे उघडले. सांगायची गरजच पडली नाही, अ ची पोरं एका झाडाखाली, ब ची दुसऱ्या. वर्षभरात एवढं ती आपली आपण शिकली होती. अ मधल्या कोणीतरी ओरडून म्हटलं, "अ अक्कलवाले, ब बिनडोक!" आणि सगळी खिदळली. माझीच पोरं. मी रागावले, पण रागावून काय होतं? तू शांतपणे उठलीस आणि दोन्हीकडचे डबे गोळा केलेस. चादरीवर सगळ्यांची सरमिसळ केलीस आणि म्हणालीस, "घ्या रे, ज्याच्या हाती जे लागन ते खा." सगळा गोंधळ. कोणाला आलू-वांगं मिळालं तर कोणाला नुसता ठेचा. डॉक्टरांच्या मुलीला ठेचा आला आणि तिने तो डोळ्यांतून पाणी काढत संपवला.

तेव्हा मंदार तुझ्याजवळ जाऊन बसला होता. ब च्या घोळक्यात, अगदी तुझ्या मांडीला मांडी लावून. मी हाक मारली, "मंदार, आपली रांग इकडे." तो उठला, पण चेहरा पाडून. तू म्हणालीस, "जेवताना कायची रांग वं?" मी म्हटलं, "शिस्त." परतीच्या बसमध्ये मी तुझ्याशी बोलले नाही. वाटलं, स्वतःचं मूल नाही म्हणून दुसऱ्यांची ओढते. हे कधी तोंडातून निघालं नाही, देवाची कृपा. पण मनात आलं होतं. आता सांगून टाकते.

आणि मग चौथीतली ती दुपार. तू वर्षाचा गणिताचा पेपर घेऊन माझ्या वर्गाच्या दाराशी आलीस. बाजारात बांगड्यांचं दुकान आहे त्या घरची ही पोरगी, तीन वर्षं तुझ्या वर्गात पहिली. "स्कॉलरशिपचे फॉर्म भरून राह्यली न तू? हिचा भर," तू म्हणालीस. "फक्त हिचा. मी दुसऱ्या कोणासाठी कधी आली का तुह्याकडे?"

मी पेपर पाहिला. माझ्या अ तुकडीत दहा जणांनाही तसा सोडवता आला नसता. आणि मी तुला काय म्हटलं? "नियम तो नियम. ब मधून एकीला घेतलं तर उद्या सगळेच दारात उभे राहतील."

नियम! कुंपणाने शेत खाल्लं होतं आणि वर राखणीच्या गोष्टी सांगत होतं. मला काय माहीत नव्हतं ती पोरगी कोण? चांगलं माहीत होतं. म्हणूनच तर नाही म्हटलं. ती परीक्षेला बसली असती, तिचं नाव लागलं असतं, मग कोणीतरी विचारलं असतं की ही पोरगी ब मध्ये गेलीच कशी. त्यांनी जुनं गुणपत्रक काढलं असतं. मी भ्याले होते, कुंदे. एका दहा वर्षांच्या पोरीला मी भ्याले.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, आज काढणार ते वाक्य. तू पेपरची घडी घातलीस, पर्समध्ये ठेवलास. "बरं," म्हणालीस. एवढंच. त्या दिवशी पहिल्यांदाच तू मला चहाला हाक मारली नाहीस.

स्कॉलरशिपला मंदारचं नाव लागलं नाही, हे तुला माहीतच आहे. अ मधली पाच नावं लागली. भाऊसाहेबांनी पेढे वाटले, आणि माझा सत्कार केला. तू टाळ्या वाजवल्यास. मोठ्याने वाजवल्यास, कारण माझी नोकरी पक्की झाली आणि तुझीही. तेवढं माझं खरं ठरलं होतं.

गेल्या दिवाळीपासून तू अंथरुणाला लागलीस तेव्हा मी दर रविवारी येऊन बसायचे. भाऊजी चहा करायचे, तू टीव्ही बघायचीस आणि माझ्या साड्यांना नावं ठेवायचीस. दर रविवारी येताना मी ठरवून यायचे, आज बोलायचं. एकदा धीर केला. म्हटलं, "कुंदे, ती पहिली यादी..." तू म्हणालीस, "कोन्ती यादी? माह्या गोळ्यायची?" आणि हसलीस, खोकलीस. भाऊजी पाणी घेऊन धावत आले. पुढच्या रविवारी म्हटलं बोलू. पुढचा रविवार आलाच नाही.

मंदार नागपूरहून आला. एवढा एकवीस वर्षांचा बाप्या, पण असा रडला की मला समजेना. माझ्या आईच्या वेळीही एवढा रडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या ओट्यावर चहा घेऊन बसला होता. मी म्हटलं, "अरे, तुझ्या वर्गावर तरी होती का ती कधी?"

"होत्या न," तो म्हणाला. "रोज होत्या."

मग त्याने सांगितलं. मधल्या सुट्टीत तो तुझ्या वर्गात यायचा. दुसरीपासून चौथीपर्यंत, जवळजवळ रोज. अ तुकडीत त्याला काहीच कळायचं नाही. मी भराभर पुढे जायचे, पोरं भराभर हात वर करायची, आणि तो शेवटच्या बाकावर वहीवर हात झाकून बसायचा. एकदा तो हौदामागे रडताना तुला सापडला. तू त्याला ब च्या वर्गात नेलंस, त्याच्या पुढ्यात आपला डबा उघडलास आणि हातच्याची वजाबाकी शिकवलीस.

"मला का नाही सांगितलंस रे?" मी विचारलं.

"बाई म्हणाल्या, आईले सांगू नको, तिले वाईट वाटन."

मी त्याची आई. वर तीन वर्षं त्याची वर्गशिक्षिका. रोज मधल्या सुट्टीत विचारायचे, कुठे होतास, तो म्हणायचा, खेळत होतो, आणि मला खरं वाटायचं. ज्या पोरासाठी मी एवढं केलं, त्या पोराला मी पाण्यात ढकललं होतं. तू त्याला रोज बाहेर काढत होतीस आणि वर येऊन माझ्याशी भांडत होतीस, जसं काही झालंच नाही. तुझे पाय धरायला हवे होते गं. कधी धरू दिले नसतेस, म्हणाली असतीस, "सोड वं, गुदगुल्या होतात."

"म्हणजे वजाबाकी तिने शिकवली तुला?" एवढं विचारून मी थांबले असते तर बरं होतं. पण मंदार पुढे म्हणाला, "बाईंपेक्षा जास्त वर्षाच शिकवायची मला. मी तिच्याच बाकावर बसायचो."

त्याला काहीच माहीत नव्हतं. तो आपला आठवण सांगत होता. मी आत गेले आणि भांडी घासायला बसले. घासलेलीच भांडी होती.

वर्षा आता जाम गावात असते. चौकात तिच्या सासरचं नाश्त्याचं हॉटेल आहे. नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. तुला माहीत असणारच, लग्नाला तू गेली होतीस. परवाची सभा झाली आणि काल मी काळी-पिवळी जीप धरून जामला गेले. घरी कोणाला सांगितलं नाही.

ती गल्ल्यापाशी उभी होती, कडेवर पोरगी. मला पाहून लगबगीने बाहेर आली. "अवो बाई, तुम्ही! या न, बसा." वाकून पाया पडली. तुझं कळलं होतं तिला, पण तान्ही पोर आजारी म्हणून निघता आलं नाही, असं म्हणाली आणि डोळे पुसले. तेवढ्यात एक ट्रॅव्हल्सची गाडी येऊन थांबली. वीसेक माणसं एकदम ओरडायला लागली. कागद नाही, पेन नाही. सगळ्यांचं ऐकून घेऊन तिने आत हाक दिली, "नऊ चहा, दोन बिनसाखरेचे, सात पोहे, त्यातल्या तिघायले तर्री वेगळी, खिडकीजवळच्या आजीले दूध." एकही चूक नाही. मी बघत बसले.

गर्दी ओसरल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. मी सांगितलं. प्रस्तावना केली नाही, रडलेही नाही. यादी कशी व्हायची ते सांगितलं, सहा गुण सांगितले, कोणाचं नाव लिहिलं ते सांगितलं. फॉर्म मी भरला नाही, का भरला नाही, तेही सांगितलं. पोरगी तिच्या मांडीवर चमचा वाजवत होती. वर्षा ऐकत होती.

मग म्हणाली, "मले त वाटे बाई, मी ढच आहो."

तिने पोरीला मांडीवर सरळ बसवलं.

"दहावीत साठ टक्के पडले, तवाही वाटलं, पेपर सोपे आले असतीन. बाबा म्हनत होते, वर्ध्याले पाठवतो, कालेजात जा. मीच नाई म्हटलं. म्हटलं, आपन ब तुकडीवाले, तिथं जाऊन काऊन फजिती करून घ्याची?"

"कुंदाबाई तुला सांगायच्या ना, तू हुशार आहेस म्हणून?" मी विचारलं. मला आधार हवा होता.

"म्हनत न. रोज म्हनत. पन त्या त सगळ्यायलेच म्हनत, बाई. ज्याले सोताचं नाव लिहिता येत नव्हतं, त्यालेही म्हनत. म्हून मले खरं वाटलंच नाई."

ऐकलंस, कुंदे? आता मी तुझ्याशी भांडणार आहे, आणि या वेळी तू माझ्या डब्यातली पोळी उचलून सुटणार नाहीस. तू माझी लाज राखलीस. माझ्या पोराला सांभाळलंस. वर्षासाठी ब तुकडी मागून घेतलीस, हेही मला आता समजतंय, तीन वर्षं तू तिची भरपाई करत होतीस. पण एकदा, अगं फक्त एकदा तिला बाजूला घेऊन सांगायचं होतंस, की पोरी, तुझी जागा वर होती, ती एका बाईने घेतली. माझं नाव घेऊन सांगायचं होतंस. मला वाईट वाटलं असतं. वाटू द्यायचं! मी मोठी होते, मी सोसलं असतं. तुझी सही होती त्या कागदावर, माझ्या सहीच्या शेजारी. मैत्रिणीला जपलंस आणि सात वर्षांच्या पोरीला गप्प राहून फसवलंस. हे मी तुला जिवंतपणी म्हणू शकले नसते, कारण म्हणायला मला तोंडच नव्हतं. आज म्हणते. आणि तू इथे असतीस तर आज पहिल्यांदा माझ्यापुढे मान खाली घातली असतीस, हेही मला माहीत आहे. आपण दोघी मग एकदमच रडलो असतो.

वर्षाने मला दूषण दिलं नाही. मला वाटलं होतं ती चिडेल, उठून जाईल. तसं झालं असतं तर परतीचा रस्ता सोपा गेला असता. तिने पोरीच्या हातातला चमचा काढून घेतला, तिची लाळ पुसली आणि विचारलं, "खरंच न बाई? तुम्ही माही समजूत त नाई काढून राह्यल्या?"

"नाही," मी म्हटलं. "तुझी समजूत काढायला मी कशाला येईन? मी काय कुंदाबाई आहे?"

तेव्हा ती थोडी हसली. मग उठली, पोरीला कडेवर घेतलं आणि आत वळून सासूला हाक दिली. सासूबाई मोठ्या कढईत भजी सोडत होत्या.

"आई, आयकलं का? मी अ तुकडीत होती."

सासूबाईंनी झारा थांबवून आमच्या दोघींकडे पाहिलं. "मंग?" त्या म्हणाल्या.

वर्षा दारात उभी राहिली. तोंड उघडलं, काहीतरी सांगायला गेली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"काई नाई," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे गेली.